दरवर्षी जुलैत परत येणारी बुरशी: फ्लॅटमधील ओल नेमकी कुठून येते, हे कसे शोधावे

आमच्या ठाण्यातील फ्लॅटमध्ये सलग तीन पावसाळे एकाच भिंतीवर बुरशी येत राहिली. दोन बेडरूममधल्या भिंतीला टेकून लाकडी कपाट उभे आहे आणि त्याच्यामागे जुलैच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात आधी कुबट वास, मग पुट्टीवर राखाडी ठिपके आणि गणपतीपर्यंत काळा गालिचाच, असा क्रम ठरून गेला होता. दरवर्षी दसऱ्याच्या सुमारास रंगारी यायचा, पोपडे खरवडायचा, ‘साहेब, या वेळी डॅम्पप्रूफ मारतो, पाच वर्षं बघायला नको’ असे सांगायचा, आणि पुढच्या जुलैत तेच. रंगाऱ्याला दोष देण्यात अर्थ नव्हता, कारण त्याने रंग चांगलाच लावला होता. चूक आमची होती. त्या भिंतीला पाणी कुठून मिळते, हा प्रश्न आम्ही तीन वर्षे विचारलाच नव्हता.

फ्लॅटमधल्या ओलीला आपण सरसकट ‘लीकेज’ म्हणतो, पण भिंत ओली होण्याच्या वाटा वेगवेगळ्या आहेत. पावसाचे पाणी बाहेरून झिरपते, नळाचे किंवा सांडपाण्याचे पाणी इमारतीच्या आतल्या पाइपांतून आणि बाथरूमच्या फरशीखालून येते, आणि तिसरे पाणी कुठूनच ‘गळत’ नाही; ते खोलीतल्या हवेत असते आणि थंड पृष्ठभागावर दवासारखे जमते. या तिन्हींवरचे उपाय इतके वेगळे आहेत की एकाचा उपाय दुसऱ्यावर केला तर पैसे तर जातातच, शिवाय कधी कधी त्रास वाढतो. म्हणून आधी निदान आणि मगच खर्च, हा क्रम मोडू नये.

निदानाची सुरुवात कॅलेंडरपासून करावी. डाग बारा महिने सारखाच ओला राहत असेल, मे महिन्यातही हाताला गार लागत असेल, तर संशय पाइपांवर आणि वरच्या मजल्याच्या बाथरूमवर घ्यावा. जोराचा पाऊस आणि पश्चिमेचा वारा एकत्र आले की काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत डाग गडद होत असेल आणि उघडीप मिळताच फिका पडत असेल, तर पाणी बाहेरून येत आहे. पाऊस पडो वा न पडो, हवा दमट असेपर्यंत बुरशी वाढत राहते, भिंतीवर डागाची ठळक कडा दिसत नाही, ठिपके मात्र विखुरलेले असतात आणि कपाटामागे, पलंगाच्या डोक्याशी, पडद्याआडच्या कोपऱ्यात, म्हणजे जिथे हवा हलत नाही तिथेच ते दाटतात, तर ते बहुधा हवेतले पाणी असते. डागाच्या कडेला पांढरी पूड, म्हणजे लोणा, दिसत असेल तर मात्र पाणी भिंतीच्या आतून प्रवास करून बाहेर आले आहे असे समजावे, कारण सिमेंटमधले क्षार आपल्याबरोबर वाहून आणणे हवेतल्या दवाला जमत नाही.

यानंतरची चाचणी पोळ्या गुंडाळण्याच्या अॅल्युमिनियम फॉइलने होते आणि तिला खर्च जवळपास नाही. डागाजवळची भिंत कोरड्या फडक्याने पुसून घ्यावी, साधारण एक फूट लांब-रुंद फॉइलचा तुकडा भिंतीला सपाट लावावा आणि चारही कडा चिकटपट्टीने हवाबंद कराव्यात. एक ते दोन दिवसांनी पाहावे. फॉइलच्या खोलीकडच्या बाजूला पाण्याचे थेंब असतील तर ओल हवेतून येत आहे. फॉइल काढल्यावर भिंतीकडची बाजू ओली निघाली तर पाणी भिंतीतून येत आहे. दोन्ही बाजू ओल्या निघाल्या तर दोन्ही रोग एकाच वेळी आहेत, आणि मुंबई-ठाण्याच्या इमारतींमध्ये असे पुष्कळदा होते. आमच्या कपाटामागची फॉइल खोलीच्या बाजूने ओली निघाली आणि भिंतीच्या बाजूने कोरडी. त्या भिंतीत एकही पाइप नव्हता आणि तिच्या कोणत्याही बाजूला पाऊस लागत नव्हता, हे खरे तर आम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होते. तरीही तीन वर्षे आम्ही तिच्यावर जलरोधक रंग चढवत राहिलो.

भिंतीपलीकडचा एसी

आमची इमारत अॅल्युमिनियमच्या साच्यात काँक्रीट ओतून बांधलेली, ज्याला बांधकामातले लोक मायव्हान म्हणतात, तशी आहे. अशा इमारतीत खोल्यांमधल्या भिंतीसुद्धा विटांच्या नसून जेमतेम चार इंच जाडीच्या काँक्रीटच्या असतात, आणि काँक्रीट उष्णता विटेपेक्षा बरीच सहज वाहून नेते. कपाटामागच्या भिंतीच्या पलीकडे आमची झोपण्याची खोली आहे आणि तिथे रात्रभर एसी 20 अंशांवर चालत असे. कपाट असलेल्या खोलीत एसी नाही आणि तिची खिडकी ‘हवा खेळावी’ म्हणून रात्रंदिवस उघडी.

आता हिशेब पाहा. जुलैतल्या रात्री त्या खोलीतली हवा साधारण 29 अंश आणि सापेक्ष आर्द्रता 80 टक्के असते. दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतले बाष्प पाणी होऊन जमू लागते ते तापमान, काढण्याचा एक ढोबळ पण कामाचा नियम असा की आर्द्रता 100 मधून वजा करावी, उरलेल्या आकड्याला 5 ने भागावे आणि आलेले उत्तर तापमानातून वजा करावे. आर्द्रता 50 टक्क्यांच्या वर असेपर्यंत हा नियम बऱ्यापैकी चालतो. येथे 20 भागिले 5 म्हणजे 4, आणि 29 मधून 4 गेले की 25. याचा अर्थ असा की त्या खोलीत जो पृष्ठभाग 25 अंशांपेक्षा थंड असेल त्यावर पाणी जमणारच. कपाटाच्या मागची भिंत पलीकडून 20 अंशांना थंड होत होती आणि अलीकडून तिला खोलीतली ऊब मिळत नव्हती, कारण कपड्यांनी भरलेले कपाट गोधडीसारखे मध्ये उभे होते. उघड्या भिंतीला खोलीतली उबदार हवा थोडेफार सावरून घेते. कपाटाआडची भिंत मात्र 22 अंशांच्या आसपास उतरत असावी. कपाट आणि भिंत यांच्या फटीत शिरलेली दमट हवा तिथे पाणी सोडत होती, रोज रात्री, सलग तीन महिने.

बुरशीला भिंतीवरून ओघळ यावे लागत नाहीत. पृष्ठभागालगतच्या हवेची आर्द्रता बराच काळ 80 टक्क्यांच्या वर राहिली तरी तिला पुरते, आणि पुट्टी, धूळ, प्लायवूडची उघडी पाठ हे तिचे अन्न तिथे तयारच असते. सुतार कपाटाच्या दर्शनी बाजूला सनमायका लावतात आणि पाठ तशीच कोरी सोडतात. कपाट बनवून घेताना पाठीलाही लॅमिनेट किंवा निदान दोन हात पॉलिश लावून घ्यावे, हा सल्ला मला कोणी वेळेवर दिला असता तर एक पूर्ण पाठफळी बदलण्याचा खर्च वाचला असता.

उपाय त्यामानाने क्षुल्लक निघाला. एसी 26 अंशांवर ठेवून जोडीला छताचा पंखा मंद चालवू लागलो, कारण भिंतीचे तापमान दवबिंदूच्या वर राहिले की दव जमण्याचे कारणच उरत नाही. भारतात 2020 पासून विकल्या जाणाऱ्या खोलीच्या एसींना सुरू होतानाचे तापमान 24 अंशांवर बसवलेले असते. विजेच्या दृष्टीने ते ठीकच आहे, पण कोकण किनारपट्टीच्या जुलैत शेजारच्या दमट खोलीसाठी 24 हा आकडासुद्धा थोडा खालीच पडतो. कपाट भिंतीपासून चार इंच पुढे ओढले आणि खाली-वर हवा जायला वाट ठेवली. यानंतरच्या पावसाळ्यात तिथे बुरशी आली नाही. त्याच्याही पुढच्या वर्षी, पाहुणे आले असताना आठवडाभर एसी पुन्हा 20 वर गेला, तेव्हा चार-पाच ठिपके लगेच दिसले, आणि निदान बरोबर होते याची खात्री पटली.

खिडक्या उघडा, पण केव्हा?

‘बुरशी येते? खिडक्या उघड्या ठेवा, घर गरम ठेवा’ हा सल्ला थंड देशांसाठी अगदी योग्य आहे. तिथे हिवाळ्यात बाहेरची हवा थंड असल्यामुळे तिच्यात एकूण बाष्प फार कमी असते. ती आत येऊन तापली की कोरडी होते आणि घरातली ओल घेऊन जाते. लंडनला किंवा डब्लिनला राहणाऱ्या आपल्या नातेवाइकांनी स्वयंपाक व आंघोळीनंतर दहा मिनिटे खिडकी उघडणे म्हणूनच शहाणपणाचे ठरते. आपल्याकडे पावसाळ्यात चित्र उलटे असते. 28 अंशांच्या आणि 85 टक्के आर्द्रतेच्या हवेत दर घनमीटरला सुमारे 23 ग्रॅम पाणी असते, आणि 23 अंशांची हवा जास्तीत जास्त साडेवीस ग्रॅमच्या आसपास पाणी धरू शकते. रात्रभर एसीने गार केलेल्या खोलीची खिडकी सकाळी उठल्याबरोबर सताड उघडली, तर बाहेरची हवा आत येऊन आरशावर, लाद्यांवर, कपाटाच्या दारावर आपले जास्तीचे पाणी ठेवून जाते. लादीला ‘घाम’ येतो तो असा. एसी बंद केल्यावर पंखा लावून खोली तासभर आपोआप तापू द्यावी आणि मग खिडकी उघडावी, इतका बदल पुरतो. ऑक्टोबरपासून मेपर्यंत मात्र खिडक्या मोकळेपणाने उघड्या ठेवाव्यात, आणि पुणे-नाशिककडे तर पावसाळ्यातल्या उघडिपीच्या दुपारीही त्याचा फायदा होतो.

नेमका निर्णय घ्यायचा तर आर्द्रतामापक घ्यावा. काही शे रुपयांत मिळतो. तो नसेल तर स्वयंपाकघरातली मिठाची बरणी पाहावी. साधे मीठ हवेची आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की पाणी ओढून घेऊ लागते, त्यामुळे मिठाला पाणी सुटले म्हणजे घर बुरशीला पोषक झाले, असे खुशाल समजावे. कपाटात मिठाची वाटी ठेवण्याचा घरगुती उपाय याच कारणाने अपुरा पडतो, कारण ते कामाला लागते तेच मुळी 75 टक्क्यांनंतर, आणि आपल्याला आर्द्रता 60 टक्क्यांच्या खाली हवी असते. कॅल्शियम क्लोराइडचे डबे बंद कपाटात चांगले काम करतात, उघड्या खोलीत त्यांचा उपयोग शून्य. कापूर आणि डांबराच्या गोळ्या वास झाकतात, ओल नाही.

घरात आपण स्वतः किती पाणी सोडतो हेही मोजून पाहण्यासारखे आहे. एका पावसाळी रविवारी मी मशीनमधून काढलेले कपडे सामान तोलायच्या काट्याला लटकवून तोलले आणि हॉलमध्ये दोरीवर वाळल्यानंतर पुन्हा तोलले, तेव्हा वजनात दोन किलोंहून अधिक फरक पडला. ते दोन लिटर पाणी हॉलच्या हवेतच गेले होते. ड्राय बाल्कनीला काचा लावून ती स्वयंपाकघरात जोडून घेण्याची पद्धत आता घरोघरी आहे, आणि त्यानंतर कपड्यांची दोरी हमखास बेडरूममध्ये येते. पावसाळ्यात कपडे एकाच खोलीत, दार बंद करून, पंखा आणि शक्य असल्यास आर्द्रता शोषणारे यंत्र लावून वाळवावेत. हे यंत्र आपल्या उष्ण-दमट हवेत उत्तम चालते, मात्र खिडकी बंद हवी आणि खोली थोडी तापणार हे गृहीत धरावे. डब्यावर लिहिलेली रोजची लिटरची क्षमता बहुतेक वेळा 30 अंश आणि 80 टक्क्यांवर मोजलेली असते. खोली कोरडी होत जाते तसे ते कमी पाणी काढते, यात यंत्राचा बिघाड नसतो.

बाहेरून येणारे पाणी

फॉइलची भिंतीकडची बाजू ओली निघाली आणि डाग पावसाबरोबर वाढत असेल, तर पहिले लक्ष खिडकीकडे द्यावे. सरकत्या अॅल्युमिनियमच्या खिडकीच्या खालच्या पट्टीत पाणी बाहेर जाण्यासाठी बारीक भोके असतात. ती धूळ आणि कबुतरांच्या घाणीने बुजली की पट्टीत पाणी साठते आणि वाऱ्याच्या झोतासरशी आत ढकलले जाते. मे महिन्यात जुना टूथब्रश आणि तार घेऊन ही भोके साफ करणे, आणि चौकट व भिंत यांच्यामधले सिलिकॉन सुटले असल्यास ते पूर्ण काढून नव्याने भरणे, या दोन कामांनी बऱ्याच खिडक्यांची गळती थांबते. जुन्या इमारतींना खिडकीवर छज्जा असे. नव्या इमारतींच्या सपाट दर्शनी भागात तो गेला आणि पश्चिमेची भिंत सगळा पाऊस अंगावर घेऊ लागली. एसीच्या पाइपासाठी पाडलेले भोकही जरूर तपासावे. ते आतून बाहेर उतरते हवे. उलट उतार असेल तर तेच नळीचे काम करते.

बाहेरच्या भिंतीला तडा असेल तर आतून लावलेला कोणताही जलरोधक रंग तात्पुरता ठरतो, कारण पाणी भिंतीत येऊन बसलेलेच असते आणि त्याला बाहेर पडायची वाट आपण बंद करतो. मग ते रंगाला फुगे आणते किंवा शेजारच्या कोपऱ्यातून निघते. आतला गिलावा जिप्समचा असेल तर तो भिजून भुसभुशीत होतो आणि तेवढा भाग काढून पुन्हा करावा लागतो. खरे काम बाहेरून, तडा खाचेसारखा उघडून, पॉलिमरयुक्त मसाल्याने भरून आणि वर लवचीक रंग देऊन करायचे असते. त्यासाठी दोरीवर लटकून काम करणारे कारागीर लागतात, म्हणून ते एकट्या सभासदाने करण्याचे काम नाही.

येथे सोसायटीशी वाद ठरलेला. महाराष्ट्रातील गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पावसाच्या पाण्याची गळती आणि बाहेरच्या सामाईक पाइप व ड्रेनेज लाइनमुळे होणारी गळती यांची दुरुस्ती संस्थेने आपल्या खर्चाने करायची असते, तर फ्लॅटमधील शौचालय, सिंक यांसारख्या आतल्या गळतीचा खर्च सभासदाचा असतो. सेक्रेटरी ‘आतून वॉटरप्रूफिंग करून घ्या’ असे सांगत असतील, तर पावसाच्या तारखांसह काढलेले फोटो जोडून लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. इमारत नवी असेल तर 2016 च्या स्थावर संपदा कायद्याचे (रेरा) कलम 14(3) आठवावे: ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातील दोष कळवल्यास विकासकाने तो 30 दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. पाचवा पावसाळा संपण्यापूर्वी ही तक्रार लेखी जाणे महत्त्वाचे आहे. आमच्या मजल्यावरच्या दोन घरांनी तोंडी आश्वासनांवर ही मुदत घालवली.

दुरुस्तीनंतर रंगाची घाई करू नये. पाऊस ऑक्टोबरात गेला म्हणून भिंत ऑक्टोबरात कोरडी होत नाही. भिजलेली भिंत आतपर्यंत सुकायला महिने लागतात. दिवाळीचा मोह आवरून जानेवारी-फेब्रुवारीत रंग दिला तर तो टिकतो.

बुरशी साफ करताना

कोरड्या ब्रशने बुरशी झाडणे ही सर्वांत वाईट पद्धत आहे, कारण त्याने बीजाणू घरभर उडतात. दमेकरी, लहान मुले आणि वृद्ध यांना आधी दुसऱ्या खोलीत पाठवावे, स्वतः एन-95 मास्क आणि हातमोजे घालावेत, पंखा बंद ठेवावा आणि डाग आधी साबणाच्या पाण्याने ओला करून फडक्याने पुसावा. टाइल्स आणि काचेवर पातळ केलेले ब्लीच चालते. पुट्टी, प्लायवूड किंवा गादीत मात्र बुरशीची मुळे आत गेलेली असतात आणि ब्लीचने केवळ रंग उडतो, म्हणून पुट्टी खरवडून काढावी आणि सडलेला प्लाय बदलावा. ब्लीचमध्ये शौचालय साफ करायचे अॅसिड किंवा अमोनिया असलेले द्रावण कधीही मिसळू नये. त्यातून विषारी वायू निघतात आणि बंद बाथरूममध्ये ते जिवावर बेतू शकते.

आमच्या घरातला एक डाग अजून सुटलेला नाही. बाथरूमच्या दारावरच्या माळ्यात, छताला, थाळीएवढा गोल डाग आहे. तो मे महिन्यातही ओला होता आणि त्याच्या कडेला लोणा आहे, म्हणजे संशय सरळ वरच्या मजल्यावर जातो. वरच्या काकांशी बोलणे झाले आहे. नोव्हेंबरात ते गावाहून परतले की त्यांच्या बाथरूमची नहाणी, म्हणजे फरशीतले सांडपाण्याचे भोक, बंद करून, फरशीवर दोन इंच पाणी भरून आणि त्यात खाण्याचा लाल रंग टाकून दोन दिवस ठेवायचे ठरले आहे. डाग लाल झाला तर फरशीचे वॉटरप्रूफिंग गेले. नाही झाला, तर त्यांच्या भिंतीतल्या गरम पाण्याच्या पाइपाला हातपंपाने दाब देऊन दाबमापकाचा काटा उतरतो का ते पाहायचे, आणि त्यासाठी प्लंबरची वेळ आधीच घेऊन ठेवली आहे.